मुंबईत बोटीने फिरायचं तर: भाऊच्या धक्क्यापासून गोराईपर्यंत

उरणजवळच्या मोऱ्याचा धक्का अगदी हाकेच्या अंतरावर दिसत होता आणि आमची लाँच थांबली. मला वाटलं, धक्क्याला आधीची बोट लागली असेल. इंजिनाने दोनदा जोर केला, मागे पाण्याऐवजी काळा चिखल उसळला, मग खलाशाने बांबू खाली सोडून बघितला. बांबू कमरेएवढाही बुडाला नाही. शेजारच्या आजोबांनी पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढली, चार दाणे माझ्या हातावर ठेवले आणि विचारलं, "आज पुनव हाय, म्हायत नाय का तुला?"

दीड तास आम्ही तिथेच होतो. पाणी चढलं तेव्हा बोट आपसूक हलली. कुणी आरडाओरडा केला नाही, कारण बोटीतल्या बहुतेकांना हे ठाऊक होतं आणि त्यांनी घरी तसं सांगूनही ठेवलं होतं. ठाऊक नव्हतं ते मला एकट्याला.

म्हणून हा लेख वेळापत्रकाने सुरू होत नाही. मुंबईच्या आजूबाजूला पाण्यावरून जाण्याचे डझनभर तरी मार्ग आहेत. काही पर्यटकांचे, काही नोकरदारांचे, काही मासळीच्या पाट्यांचे. तिकीट दहा रुपयांचं असो की काही शेकड्यांचं, बोट लागते ती पाणी असेल तेव्हा. घड्याळ त्यानंतर.

आधी तिथी बघा

घरातलं कॅलेंडर काढा आणि जायच्या दिवसाची तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. हा जुना ठोकताळा आहे. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. पंचमीला पावणेचार. शुक्ल असो की वद्य, हिशेब एकच. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, अमावास्या-पौर्णिमेला तर हिशेब सव्वाअकरा दाखवतो आणि प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास लागते. नेमकी वेळ हवी असेल तर मुंबईचा भरती-ओहोटीचा तक्ता फोनवर मिळतो. पण तिथी डोक्यात असली की तक्ता उघडायच्या आधीच अंदाज येतो.

आता यातली मेख अशी. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला येते, म्हणजे ओहोटी येते सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. आणि ही ओहोटी साधी नसते. उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा दिवशी भरती आणि ओहोटी यांत चार मीटरहून जास्त फरक पडू शकतो, म्हणजे एक मजला भरून पाणी निघून जातं. नेमकी लोकांची कामावरून परतायची वेळ, आणि नेमकी सूर्यास्त बघायला निघालेल्यांचीही. मोरा आणि अलिबागकडचं रेवस या दोन्ही बंदरांत गाळ साचलेला आहे, तिथे अशा वेळी फेऱ्या रद्द होतात किंवा बोट बाहेर थांबते. याउलट अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. नवख्या माणसाने पहिली फेरी अष्टमीच्या आगेमागे करावी, असं माझं मत.

गेटवे आणि अलिबागजवळच्या मांडव्याला ओहोटीचा त्रास एवढा नाही. तिथे फक्त चढण्या-उतरण्याची पायरी बदलते. भरतीला बोट डोळ्यांसमोर असते, ओहोटीला पायाखाली.

गेटवेवरून

गेटवेला सीएसएमटी किंवा चर्चगेटवरून टॅक्सी, बस किंवा पाय. मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्थानक आता आहे, तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत. आवारात शिरताना सामानाची तपासणी होते आणि शनिवार-रविवारी ती रांग लांब असते, हे धरून अर्धा तास हाताशी ठेवा. बोट समोर दिसत असते आणि आपण रांगेत, यासारखी चडफड नाही.

इथून दोन मुख्य मार्ग. एक घारापुरीचा, म्हणजे एलिफंटाचा. सकाळी नऊच्या सुमाराला पहिली बोट निघते, अंतर दहा-अकरा किलोमीटर, वेळ तासभर. तिकीट येण्या-जाण्याचं एकत्र असतं, ते परत येईपर्यंत जपून ठेवा. लाँचच्या वरच्या मजल्यावर बसायचे दहा-वीस रुपये बोटीतच वेगळे मागतात, ती फसवणूक नाही, रिवाज आहे. सोमवारी लेणी बंद असतात. दर सोमवारी कुणीतरी बाहेरगावचं कुटुंब गेटवेवर हिरमुसलेलं उभं असतं, त्यांच्यात आपण नसावं. बेटावर उतरल्यावर लांबलचक धक्का आहे, त्यावर छोटी गाडी चालते. ग्रामपंचायतीचा किरकोळ कर द्यावा लागतो, आणि मग सव्वाशेच्या घरात पायऱ्या. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांसाठी डोलीवाले असतात.

घारापुरी म्हणजे फक्त लेणी, असं समजून लोक जातात आणि दोन तासांत परततात. बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत. १९८७ मध्ये लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण गावांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ मध्ये. मुंबईचा झगमगाट रोज रात्री समोर दिसत असताना! लेणी बघून झाली की गावात एक चक्कर मारा, जेवण तिथेच करा.

दुसरा मार्ग मांडव्याचा. इथे पीएनपी, मालदार आणि अजंठा अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोटी आहेत. कॅटामरान घेतली तर पाऊण तास ते तास, साधी लाँच घेतली तर थोडा जास्त. बोटीच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचं भाडं धरलेलं असतं. बोटीतून उतरल्यावर रिक्षावाल्यांच्या हाकांना भुलून तिकीट फेकू नका, बस तुमची वाट बघत असते. परतताना उलट हिशेब. अलिबागहून बस बोटीच्या तासभर आधी निघते, म्हणून खरी जागा पकडायची ती अलिबागला, मांडव्याला नव्हे. रविवारी संध्याकाळचं परतीचं तिकीट आधी काढलं नसेल तर रविवार संध्याकाळ विसरा.

नोव्हेंबर ते मार्च या काळात या बोटींच्या मागे सीगलचे थवे लागतात. पोरं गाठ्या-कुरकुरे उधळतात, फोटो छान येतात. पक्ष्यांसाठी ते अन्न नव्हे. फोटो काढा, गाठ्या आपण खा.

भाऊचा धक्का

डॉकयार्ड रोडला उतरून पूर्वेकडे चालत पंधरा-वीस मिनिटं. वाटेत ट्रक, बर्फाच्या लाद्या, वास. सकाळी लवकर गेलात तर शेजारीच मासळीचा लिलाव चाललेला असतो, त्यासाठी वेगळं जावं इतका तो बघण्यासारखा आहे. ज्या 'भाऊं'चं नाव धक्क्याला आहे ते लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, एकोणिसाव्या शतकातले. सरकारी कागदांत याला फेरी व्हार्फ म्हणतात. टॅक्सीवाल्याला मात्र भाऊचा धक्काच सांगा.

इथून मोरा आणि रेवस या दोन जुन्या सेवा. मोऱ्याला पाऊण-एक तास, तिथून रिक्षाने उरण. जाताना डाव्या हाताला जवाहर द्वीपच्या तेलाच्या टाक्या आणि त्यामागे घारापुरीचे डोंगर दिसतात. नांगरलेल्या जहाजांच्या इतक्या जवळून लाँच जाते की त्यांच्या गंजलेल्या पत्र्यावरचे खोलीचे आकडे वाचता येतात. मुंबई बंदर म्हणजे काय हे गेटवेच्या बोटीतून कळत नाही, इथून कळतं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू उघडला आणि त्याच दिवशी रेल्वे थेट उरणपर्यंत गेली, तेव्हापासून मोऱ्याच्या लाँचची गर्दी पूर्वीसारखी राहिली नाही. आम्हा रिकामटेकड्यांना बसायला जागा मिळते, एवढाच त्यातला फायदा.

मांडव्याला जाणारी रो-रो बोटही भाऊच्या धक्क्यावरूनच सुटते, मार्च २०२० पासून. मात्र लाँचचा धक्का आणि रो-रोचं टर्मिनल यांची दारं वेगळी आहेत. मोऱ्याची लाँच शोधत रो-रोच्या रांगेत उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत, आणि उलटही. रो-रोत गाडी नेता येते, सायकल नेता येते, नुसतं माणूस म्हणूनही जाता येतं. तिकीट ऑनलाइन मिळतं. ज्यांना बोट लागते त्यांनी लाँचपेक्षा ही घ्यावी, मोठी असल्यामुळे हलते कमी.

खाडीतल्या तरी

तर म्हणजे खाडी ओलांडणारी छोटी बोट. पर्यटनाच्या पुस्तिकांत या तरींना जागा नसते, आणि मला याच सगळ्यांत जास्त आवडतात. पाच-दहा मिनिटांचा प्रवास, वेळापत्रक नाही, माणसं भरली की निघाली. पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू.

वेसावे ते मढ ही त्यांतली राणी. मालाडची खाडी ओलांडायची. रस्त्याने जायचं तर वीसेक किलोमीटरचा वळसा आणि लिंक रोडची कोंडी, पाण्याने पाच मिनिटं. एक चूक सगळे नवखे करतात: मेट्रोच्या वर्सोवा स्थानकावर उतरून धक्का शोधायला लागतात. स्थानकाचं नाव वर्सोवा असलं तरी वेसाव्याचा कोळीवाडा तिथून तीनेक किलोमीटर लांब आहे. अंधेरीहून किंवा मेट्रोहून रिक्षा करा आणि "वेसावा गाव, मढ जेट्टी" असं सांगा.

मागच्या हिवाळ्यात सकाळी सातला मी या तरीत होतो. पुढे तीन मोटारसायकली उभ्या, प्रत्येकीच्या हँडलवर मालकाचा हात. मध्ये एक कोळीण, पायाशी दोन पाट्या, एकीवर ओलं गोणपाट. तर सुटताना तिने पायाचा अंगठा पाटीच्या कडेला लावून ठेवला आणि फोनवर बोलत राहिली. मधोमध एक मच्छीमार बोट आडवी गेली, आमची तर डावीकडे कलली, मोटारसायकलवाले सावरले, एकाचं हेल्मेट गडगडत गेलं. पाटी जागची हलली नाही. तिने खाली बघितलंही नाही. उतरताना पोराने पाट्या उचलून डोक्यावर दिल्या, तिने सुटे पैसे टेकवले आणि मी माझ्या बुटांना चिखल लागू नये म्हणून फळी शोधत होतो तोवर ती रस्त्याला लागली होती.

मार्वे ते मनोरी ही दुसरी. मालाड स्टेशनच्या पश्चिमेहून बेस्टची २७२ मार्व्याला जाते. इथेही दुचाकी नेता येते, तिचे पैसे वेगळे. बोरिवलीहून गोराईच्या खाडीवर तिसरी, आणि तिथे जरा लक्ष ठेवा: गोराई गावाची तर वेगळी आणि विपश्यना पॅगोड्याकडे जाणारी वेगळी. पॅगोड्याची बोट जिथे लावते तिथून गाव आणि समुद्रकिनारा लांब आहेत.

उत्तरेला वसई ते भाईंदर रो-रो फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे. रस्त्याने पस्तीसेक किलोमीटर, पाण्याने साडेतीनच. वसईतल्या माणसाला याचं मोल विचारा.

एक सावधगिरी. मुंबईत जलवाहतुकीच्या सेवा गाजावाजा करून सुरू होतात आणि काही गुपचूप बंद पडतात. बेलापूरची वॉटर टॅक्सी आठवा. २०२२ मध्ये उद्घाटन झालं, भाडी चढी होती, लोक फिरकले नाहीत. जुन्या बातमीच्या भरवशावर घराबाहेर पडू नका. ज्या तरी कोळीवाड्यांना आणि नोकरदारांना रोज लागतात त्या टिकतात.

चढणं, बसणं, उतरणं

तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा. मोठ्या धक्क्यांवर फोनवरून पैसे चालतात, तरीवर नेटवर्कची खात्री नाही. स्वच्छतागृह धक्क्यावरच उरकून घ्या, लहान लाँचवर ते नसतं. चप्पल पट्ट्याची हवी. धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, हिरव्या पायरीवर पाय ठेवूच नका, कोरडी आणि खडबडीत जागा बघा.

चढताना एक पद्धत आहे. बोट वरखाली होत असते, ती वर आल्यावर पाऊल टाकायचं, खाली जात असताना नाही. खलाशी हात पुढे करतो. आपण त्याचा पंजा धरायला जातो, त्याऐवजी त्याचं मनगट धरा आणि त्याला आपलं धरू द्या, म्हणजे ओला हात निसटत नाही. पिशवी आधी द्या, मग स्वतः जा. पोर असेल तर पोर आधी खलाशाकडे, मग तुम्ही. बोटीच्या कडेवर आणि धक्क्यावर एकेक पाय ठेवून विचार करत उभं राहायचं नाही. गर्दीच्या दिवशी गेटवेवर दोन-तीन लाँच एकमेकींना चिकटून लावलेल्या असतात आणि आपली सगळ्यांत बाहेरची असते. मग एका लाँचमधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं जावं लागतं. दोन बोटींच्या मधल्या फटीत हात किंवा पाय कधीही नको. त्या फटीला टायर का लटकवलेले असतात ते एकदा बघा, टायर किती चेपतो तेही बघा.

फोन खिशात. उतरताना तर नक्कीच.

बसायला जागा निवडताना लोक वरच्या मजल्यावर धावतात. वारा मिळतो, ऊनही मिळतं, आणि बोटीचं हलणं तिथे जास्त जाणवतं. बोट लागणाऱ्यांनी खालच्या मजल्यावर, मधोमध, डिझेलच्या धुरापासून दूर बसावं आणि फोनमध्ये न बघता लांबवरच्या क्षितिजाकडे बघावं. पोट रिकामं नको आणि मिसळीने भरलेलंही नको. आलेपाकाची वडी किंवा आवळासुपारी तोंडात ठेवतात, मला वडीचा उपयोग होतो. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या अर्धा तास आधी. बोट हलायला लागल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग पुढच्या फेरीलाच. सकाळी पाणी शांत असतं, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा वाढतात, विशेषतः फेब्रुवारीपासून पुढे. त्यामुळे जाताना मजेत गेलेलं माणूस येताना हिरवं होऊन येतं.

आता लाइफ जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर इंजिनाची चाचणी देणारी नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा माणसं गेली. त्यानंतर जॅकेट घालण्याची सक्ती आली. सक्तीचं पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे. धक्का मागे पडला की निम्मी जॅकेटं बाकांवर येतात, उशीसारखी. उकडतं, वास येतो, रंग लागतो, सगळं खरं. तरी घाला, आणि नुसतं गळ्यात अडकवू नका, पट्टे ओढून बक्कल लावा. सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. पोराला मोठ्यांचं जॅकेट बसत नाही, लहान मापाचं मागून घ्या. नसेल तर ती बोट सोडून पुढची घ्या. बोटीवर किती प्रवासी न्यायची परवानगी आहे तो आकडा रंगवलेला असतो, तो वाचा. डोकी मोजायला दोन मिनिटं लागतात.

आणि एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. डॉल्फिन दिसला, मोठं जहाज दिसलं, सूर्य बुडाला, काहीही झालं तरी सगळ्यांनी एका बाजूला धावायचं नाही. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. वादळी पाऊस होता, बोटीत पाणी शिरलं, घाबरलेली माणसं एका बाजूला गेली आणि बोट कलंडली, असं वाचलेल्यांनी सांगितलं. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत अजूनही अशी घरं आहेत जिथे गटारी साजरी होत नाही. बोट कलली की खलाशी ओरडतो, "बसून घ्या!" तो ओरडला की बसा, फोटो राहू द्या.

बावटा आणि पावसाळा

मे महिन्याच्या अखेरीला गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटी बंद होतात त्या सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. दरवर्षी साधारण २६ मे ही तारीख धरा. या काळात अलिबागला बोटीने जायचं तर रो-रो, तीही हवामान बघून. भाऊचा धक्का ते मोरा ही सेवा बंदराच्या आतल्या पाण्यात असल्याने पावसाळ्यातही चालते, पण रोज चालेलच असं नाही.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की विषय संपला. स्थानिक हवामान बिघडल्याची ती खूण, आणि तो लागल्यावर लहान बोटी बंद ठेवल्या जातात. हा बावटा पावसाळ्याबाहेरही लागतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात वादळ आलं तर हमखास. अशा दिवशी तिकीट खिडकीवर हुज्जत घालणारा एक तरी माणूस असतो. "ऊन तर पडलंय!" ऊन इथे पडलंय, वारा तिथे सुटलाय. हिवाळ्यातल्या पहाटे धुकं असलं तरीही पहिल्या बोटी उशिरा सुटतात, पाऊण तास जास्तीचा धरा.

दोन फेऱ्या, एकेका दिवसाच्या

नुसतं जाऊन येण्यापेक्षा गोल फिरून येण्यात मजा आहे. दोन सांगतो.

पहिली उपनगरी. सकाळी वेसाव्याहून तरीने मढ. मढहून बेस्टची २७१ मालाडकडे येते, तिने आक्सा ओलांडून मार्व्याच्या फाट्यावर उतरा, तिथून रिक्षाने मार्वे किनारा. तरीने मनोरी. मनोरीत जेवा, कोळीवाड्यातून चाला, मग रिक्षाने गोराई गाव आणि संध्याकाळच्या तरीने बोरिवलीच्या बाजूला. तीन खाडीपार, खर्च जेवण सोडून दोन-तीनशेच्या आत. पोरांना घेऊन जायला ही उत्तम, कुठेही कंटाळा आला तर रस्त्याने घरी येता येतं.

दुसरी मोठी आणि तिथी बघूनच करायची. भाऊच्या धक्क्यावरून मोरा, रिक्षाने उरण, उरणहून करंजा. करंज्याहून रेवसला तर आहे, पंधरा-वीस मिनिटांची, दुचाकीही घेते. या खाडीवर पुलाचं काम चालू आहे, पूल झाला की ही तर किती दिवस टिकेल कोण जाणे, म्हणून लवकर करा. रेवसहून एसटीने अलिबाग, अलिबागहून कंपनीच्या बसने मांडवा, मांडव्याहून बोटीने गेटवे. मोरा, करंजा आणि रेवस या तिन्ही ठिकाणी तुम्ही दुपारी एकच्या आत पोचणार आहात, म्हणजे सकाळी दहा-अकराच्या सुमाराला भरती असलेला दिवस हवा. तिथीच्या हिशेबाने त्रयोदशी-चतुर्दशी. एसटी तासाभराने असू शकते, त्यामुळे रेवसला वडापाव खाऊन घ्या, अलिबागची वाट बघू नका. मांडव्याची शेवटची बोट पकडायचा बेत करू नका, तिच्या आधीची धरा.

शेवटची बोट चुकली तर

वेसावे-मढला काही बिघडत नाही, मढहून २७१ आहे. मार्व्याला २७२. मोऱ्याला चुकली तर रिक्षाने उरण स्टेशन, तिथून नेरूळ किंवा बेलापूरची लोकल, आणि हार्बरने घरी. मनोरी-गोराईला अडकलात तर उत्तनवरून भाईंदरला जायला रस्ता आहे, रिक्षा महाग पडेल. मांडव्याला चुकली तर आधी रो-रोची खिडकी गाठा, तिची फेरी शिल्लक असू शकते. तीही नसेल तर अलिबागला परत येऊन पेण-पनवेलमार्गे एसटी, चार तास धरा.

घारापुरीला मात्र हा विचारच करू नका. परतीची शेवटची बोट साडेपाचच्या सुमाराला निघते, पर्यटकांसाठी रात्री राहायची सोय नाही, आणि रस्ता तर नाहीच. पायऱ्या उतरून लांब धक्का चालून बोटीपर्यंत यायला अर्धा तास लागतो. साडेचारला लेण्यांकडे पाठ फिरवा. वाटेत मक्याचं कणीस घ्यायला थांबाल, माकड ते हिसकावेल, दुसरं घ्याल, हे सगळं धरून सांगतोय.